एकसष्ट अर्धी वाक्यं

बिबवेवाडीच्या आम्रपाली ओव्हाळला अर्धवट बोललेलं चालत नाही. दुकानदार म्हणाला, "होऊन जाईल," तर ती विचारते, "काय होऊन जाईल, कधी होऊन जाईल, आणि नाही झालं तर मी कोणाला भेटू?" सोसायटीच्या फळ्यावर ‘उद्या पाणी कमी दाबाने येईल’ अशी सूचना लागली, की दुसऱ्या दिवशी तिच्याखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : ‘कमी म्हणजे किती? आणि उद्या म्हणजे कोणत्या तारखेला? सूचनेवर तारीख नाही.’ सेक्रेटरी ते खोडरबराने पुसून टाकतात. अक्षर कोणाचं ते त्यांना पक्कं ठाऊक आहे, पण विचारायला जायची त्यांची छाती नाही. विचारलं तर तो प्रश्नही तपासला जाईल.

अठ्ठाविसाव्या वर्षी तिला एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलाच्या बायोडेटात ‘अपेक्षा : अनुरूप’ असं छापलं होतं. आम्रपालीने स्वतः फोन लावून विचारलं, "अनुरूप म्हणजे कशाला अनुरूप?" तीन दिवसांनी नकार आला. नकाराचं तिला फारसं काही वाटलं नाही. नकारात कारण दिलं नव्हतं, हे मात्र ती अजून बोलून दाखवते. त्याला आता अकरा वर्षं झाली.

हा गुण तिला वडिलांकडून आला. तिच्याबरोबर काम करणारे लोक याला गुण म्हणत नाहीत, पण आपण तूर्त म्हणू. भीमराव ओव्हाळ वजनमापं खात्यात निरीक्षक होते. मार्केट यार्डातल्या गाळ्यांमधले काटे तपासायचे आणि अहवाल लिहायचा, यात त्यांची एकतीस वर्षं गेली. त्यांच्या अहवालात तीनच गोष्टी असत : काय असायला हवं होतं, काय आढळलं, आणि फरक किती. हाताखालच्या एका कारकुनाने एकदा ‘काटा सदोष’ एवढंच लिहिलं, तर त्याला त्यांनी भर दुपारी पुन्हा यार्डात पिटाळलं होतं. घरातही तोच कायदा. लहानपणी आम्रपाली ताटावर बसून म्हणाली, "भाजी खारट झालीये," तर भीमराव शांतपणे विचारत, "किती?" भाजी खारट होती हे त्यांनाही कळत असे. पण मोघम तक्रारीची दखल घ्यायची नाही, हे त्यांचं तत्त्व होतं आणि त्या तत्त्वापायी त्या घराने बरीच खारट भाजी मुकाट्याने खाल्ली आहे.

अशी मुलगी सॉफ्टवेअरमध्ये गेली आणि तिथे तिला टेस्ट लिहायचं काम मिळालं, म्हणजे देणाऱ्याने विचार करून दिलं असं वाटेल. तसं काही नव्हतं. जागा रिकामी होती.

कंपनीचं नाव शीतवाहक सिस्टिम्स. हडपसरच्या बाजूला एका काचेच्या इमारतीत सहावा मजला. लसी ज्या थंड पेट्यांमधून गावोगाव जातात, त्या पेट्यांवर नजर ठेवणारा प्रोग्राम ही कंपनी बनवते. पेटीतलं तापमान दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहायला हवं. खाली गेलं तर लस गोठते, वर गेलं तर फुकट जाते, आणि दिसायला दोन्ही वेळा तशीच दिसते. म्हणून तापमान हललं की प्रोग्रामने बोंब मारायची. इतकं साधं काम. ते करायला एकशे वीस माणसं, चार मीटिंग रूम आणि कॉफीचं एक मशीन लागतं.

आता युनिट टेस्ट म्हणजे काय, तर प्रोग्रामच्या एका छोट्या तुकड्याला हाक मारून विचारायचं, की बाबा, तू सांगितलेलं करतोस ना? करत असेल तर पडद्यावर हिरवा दिवा, नसेल तर लाल. आम्रपाली कंपनीत आली तेव्हा हे प्रश्न फार दरिद्री भाषेत विचारलेले होते. प्रत्येक टेस्टच्या शेवटी एकच ओळ : हे खरं असावं. आणि दिवा लाल झाला, की उत्तर यायचं : ‘अपेक्षित खरं, मिळालं खोटं.’ काय खरं, काय खोटं, कोणती पेटी, किती तापमान, काही नाही. आम्रपालीने ते उत्तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला कारकुनाचा ‘काटा सदोष’ आठवला आणि तिचं डोकं फिरलं.

त्यावर उपाय होता. मॅचर नावाच्या तयार तुकड्यांची एक लायब्ररी मिळते. ती वापरली की टेस्टची ओळ माणसाच्या बोलण्यासारखी लिहिता येते. आधी विषय काढायचा, की माझं म्हणणं या पेटीबद्दल आहे. मग टिंब देऊन पुढे मॅचर जोडायचा, की तिचं तापमान दोन ते आठच्या मध्ये असावं. चुकलंच, तर उत्तरही नीट येतं : असायला हवं होतं इतकं, आढळलं इतकं. हे वाचून आम्रपालीला असा आनंद झाला, की ती त्या संध्याकाळी वडिलांना म्हणाली, "पप्पा, तुमचा अहवाल कोणीतरी मशीनला शिकवलाय." भीमरावांनी चष्मा पुसून विचारलं, "फरकाचा रकाना आहे का?" नव्हता. आम्रपालीने तो स्वतः लिहून घातला.

तिथून तिने कंपनी डोक्यावर घेतली. दुसऱ्याची टेस्ट तपासायला आली, की ती खाली शेरा मारायची, आणि ते शेरे कॅन्टीनमध्ये पाठ म्हटले जायचे. ‘हे विधान आहे की सुस्कारा?’ ‘आपण नेमकं काय म्हणताय हे आपल्याला कळलं, की आम्हालाही कळवा.’ ‘वाक्य छान आहे, फक्त अर्थ ठेवायचा राहिलाय.’ यवतमाळहून आलेल्या नम्रताला, जी तीन वर्षं नोकरी करून चांगली तयार झालेली मुलगी होती, एकदा शेरा मिळाला, ‘ही टेस्ट पास झाली तर अभिनंदन नक्की कोणाचं करायचं?’ नम्रता त्या दिवशी जेवायला आली नाही. आम्रपालीच्या ते लक्षातही आलं नाही, कारण शेऱ्यात चूक काहीच नव्हती.

मग तिने ठरवलं, की जुन्या सगळ्या टेस्ट नव्या भाषेत आणायच्या. तीनशे चाळीस होत्या. पहिली पायरी सोपी होती. ‘शोधा आणि बदला’ हा हुकूम देऊन तिने एका झटक्यात सगळीकडची जुनी सुरुवात काढली आणि नवी बसवली. म्हणजे प्रत्येक टेस्टमध्ये विषय काढून झाला. आता एकेका ओळीपुढे योग्य तो मॅचर हाताने जोडायचा. हे काम दोन आठवड्यांचं होतं. पण तयार मॅचर आम्रपालीच्या पसंतीला उतरेनात. ‘सुरक्षित आहे’ असं म्हणायचं, की ‘वापरण्यास योग्य आहे’? आठ अंश धरून की सोडून? ‘इशारा दिला’ आणि ‘इशारा दिला आहे’ यांत काळाचा फरक पडतो, तर टेस्टमध्ये कोणता काळ असावा, यावर तिने दोन तासांची मीटिंग घेतली होती. पाच आठवडे असे गेले. दरम्यान अर्ध्या सोडलेल्या ओळींखाली प्रोग्राम लिहायचा एडिटर आपोआप पिवळ्या रेघा मारत होता, की इथे काहीतरी राहिलंय. त्या रेघांनी डोळ्यांना त्रास होतो म्हणून तिने त्या बंद करून टाकल्या होत्या.

आणि दिवे सगळे हिरवे होते. तिचा मॅनेजर अभिनव, वय बत्तीस, वारज्यात नवा फ्लॅट, रोज सकाळी तो हिरवा पडदा पाहून खूश व्हायचा. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असे : कव्हरेज शहाण्णव टक्के. प्रोग्रामचा किती भाग टेस्टच्या वाटेवर येऊन गेला, त्याचा तो आकडा. येऊन गेला, एवढंच. तिथे थांबून कोणी काही पाहिलं का, हे त्या आकड्यात नसतं. पण शहाण्णव हा आकडा असा आहे, की तो ऐकल्यावर पुढे प्रश्न विचारणारा माणूस खडूस ठरतो.

एप्रिलमध्ये आम्रपालीला ‘क्वालिटी चॅम्पियन’ म्हणून काचेची ढाल मिळाली. मे महिन्याच्या शेवटी तिला आर्किटेक्ट, म्हणजे सगळ्या प्रोग्रामचा आराखडा ठरवणारी, करायचं ठरलं. कंपनीत ते पद पहिल्यांदाच एका बाईला मिळणार होतं, आणि ते तिला मनापासून हवं होतं. त्यासाठी तिने पंधरा वर्षं खस्ता खाल्ल्या होत्या, यात थट्टा करण्यासारखं काही नाही.

त्याच सुमारास अभिनव तिच्या टेबलाशी आला. "एक छोटीशी लाइन हवीये तुझी. मॅन्युअल टेस्टिंग बंद करतोय आपण. तुझ्या टेस्ट आहेतच. एक्स्पर्ट म्हणून तू फक्त लिहून दे."

आम्रपालीने लिहून दिलं : ‘तापमानाशी संबंधित सर्व धोके स्वयंचलित टेस्टमध्ये तपासले जातात, पेट्या हाताने तपासण्याची गरज उरलेली नाही.’ कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. पाच मिनिटं लागली. पेट्या हाताने तपासणारा माणूस कंपनीत एकच होता, आणि त्या वाक्यावर त्याची नोकरी गेली.

दशरथ घुले मांजरीचे. वय एक्कावन्न. तळमजल्यावर, पार्किंगच्या मागे एका खोलीत त्यांची लॅब होती. लॅब म्हणजे एक टेबल, चौदा पेट्या, एक जुना फ्रिज आणि साखळीने बांधलेला थर्मामीटर. घुल्यांचं काम एवढंच, की पेटी घ्यायची, तिचे हाल करायचे, आणि पडद्यावर काय दिसतंय ते वहीत लिहायचं. नोटीस मिळाल्यावरही ते काम करत राहिले. शुक्रवार शेवटचा दिवस होता. बुधवारी दुपारी ते सहाव्या मजल्यावर आले आणि आम्रपालीच्या टेबलाशी उभे राहिले.

"मॅडम, सात नंबरची पेटी झाकण उघडं ठेवून गच्चीत ठिवली व्हती. आत एकतीस झालंय. पडद्यावर हिरवंच हाय."

"असं होणार नाही," आम्रपाली मान वर न करता म्हणाली. "त्याच्यासाठी टेस्ट आहे."

"आसंल. पण हिरवंच हाय."

"अहो घुले, थर्मामीटर तपासलात का आपण?"

"दुसरा आनून बी लावून बघितला."

ती जरा वैतागलीच. या माणसाची नोटीस आपल्या वाक्यामुळे निघाली आहे, हे तिला माहीत होतं, आणि जाता जाता तो काहीतरी खोट काढायला आला असणार, असंही तिच्या मनात आलं. तिने खुर्ची सरकवून त्यांना बसायला सांगितलं आणि बरोबर तीच टेस्ट उघडली. पेटी उन्हात तापते तेव्हाची. तिने ती चालवून दाखवली. दिवा हिरवा. "हे बघा. आणि मी मुद्दाम अशा भाषेत लिहिलंय, की कोणालाही वाचता यावं. मी मराठीत सांगते. माझं म्हणणं असं आहे, की तापलेल्या पेटीने दिलेला इशारा."

ती थांबली. घुले ऐकत होते. ऐकायची तयारी दाखवत ते थोडे पुढे झुकले.

"पुढं?" ते म्हणाले.

"पुढं काय?"

"इशारा वाजावा का न वाजावा? काय म्हणणं हाय तुमचं?"

आम्रपालीने ओळ पुन्हा वाचली. ओळ तिथेच संपत होती. विषय काढला होता आणि अर्धविराम देऊन गप्प बसली होती. त्या लायब्ररीत नुसता विषय काढला तर कोणताच दावा होत नाही, आणि दावाच नाही तर तो चुकणार कसा? असली टेस्ट जगबुडी झाली तरी हिरवीच राहील. तिने पिवळ्या रेघा पुन्हा चालू केल्या. पडदा हळदीने माखल्यासारखा झाला. तिने मोजल्या. एकसष्ट होत्या, आणि सगळ्या तिच्या नावावर.

घुल्यांना त्यातलं काही कळलं नसावं, किंवा कळलंही असावं. ते उठले. "मी वहीत ल्हिऊन ठिवतो," म्हणाले आणि लिफ्टकडे गेले.

प्रोग्राममधली खरी चूक सापडायला दहा मिनिटं लागली. दोन महिन्यांपूर्वी अभिनवने पेट्यांची सगळी माहिती नव्या ठिकाणी हलवली होती, त्या गडबडीत वरच्या मर्यादेच्या आठपुढे एक शून्य पडलं होतं. ऐंशी अंशांपर्यंत पेटी थंड, अशी कंपनीची समजूत होती. टेस्टची ओळ पूर्ण असती तर त्याच दिवशी दिवा लाल झाला असता. ही आवृत्ती येत्या सोमवारी गिऱ्हाइकाकडे जाणार होती.

नम्रता शेजारी उभी होती. "मॅडम, मला दोन-तीन ओळी दिसल्या होत्या तशा," ती चाचरत म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुमची काही तरी स्टाइल असेल." मग तिने खरं काय ते सांगितलं. "शेरा लिहिला होता मी. मग खोडला."

आम्रपालीच्या जिवाला हे लागलं. एकसष्ट ओळींपेक्षा जास्त लागलं. पण त्यावर विचार करायला तिला वेळ मिळाला नाही, कारण तिने अभिनवला बोलावलं होतं आणि अभिनव मीटिंग रूमचं दार लावून घेऊन हलक्या आवाजात बोलत होता.

"ऐंशीचं आठ मी आत्ता करतो. तुझ्या ओळी तू उद्या पूर्ण कर. नोंदीत ‘किरकोळ सुधारणा’ लिही. संपलं. लेट्स नॉट मेक इट अ थिंग."

"आणि घुले?"

"घुल्यांचं डिसिजन झालंय ना. आणि आता तर टेस्ट खरंच पूर्ण होणारेत. म्हणजे तू लिहिलेलं वाक्य खरंच होईल की. फक्त थोडं उशिरा." तो हसला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, हे विशेष. त्याला ही खरोखरच चांगली व्यवस्था वाटत होती.

त्या संध्याकाळी आम्रपाली घरी आली, चहा केला, आणि वडिलांना म्हणाली, "ऑफिसमध्ये थोडा घोळ झालाय."

"थोडा म्हणजे?" भीमराव म्हणाले.

"काही नाही."

भीमरावांनी पेपर खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं. या घरात ‘काही नाही’ हे उत्तर गेल्या चाळीस वर्षांत कोणी दिलं नव्हतं. ते उठून विहारातल्या वाचनाला निघून गेले. आम्रपालीने लॅपटॉप उघडून एचआरला मेल लिहायला घेतली. ‘काही टेस्टमध्ये काही त्रुटी राहून गेल्याचं निदर्शनास आलं आहे.’ तिने ते वाचलं. कोणाकडून राहून गेल्या? कोणाच्या निदर्शनास आलं? काही म्हणजे किती? हे वाक्य नम्रताने लिहिलं असतं, तर तिने तिची सालटी काढली असती. तिने ते खोडलं आणि पुन्हा लिहिलं, आणि पुन्हा तेच लिहिलं गेलं. एखादं वाक्य मोघम का होतं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच समजत होतं. ज्याला भाषा येत नाही तोच मोघम लिहितो, अशी तिची समजूत होती. भाषा येत असून घाबरलेला माणूस त्याहून सफाईने लिहितो. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त आर्किटेक्टची खुर्ची जाईल याची भीती वाटली, आणि त्या भीतीचीही लाज वाटली. मेल गेली नाही.

गुरुवारी तिने एकसष्ट ओळी पूर्ण केल्या. काळ कोणता, शब्द कोणता, यावर एक मिनिटही घालवलं नाही. ऐंशीचं आठ मात्र तिने अभिनवला करू दिलं नाही. आधी दिवे बघू, म्हणाली. त्रेचाळीस हिरवे राहिले, अठरा लाल झाले. आणि मग पडद्यावर ती उत्तरं उमटायला लागली, ज्यांच्यासाठी तिने पाच आठवडे जीव टाकला होता. ‘असायला हवी होती : इशारा देणारी पेटी. आढळली : गप्प पेटी. तापमान : ३१. मर्यादेपेक्षा फरक : २३.’ इतकं स्वच्छ, इतकं नेमकं लिहिलेलं काही त्या कंपनीत यापूर्वी कोणी वाचलं नव्हतं, कारण ते बोलायची संधी त्याला कोणी दिलीच नव्हती.

शुक्रवारी अकराला सगळ्यांची बैठक होती, तिचंच व्याख्यान होतं. विषय : वाचता येतील अशा टेस्ट. अभिनवने प्रास्ताविकात ढालीचा आणि शहाण्णव टक्क्यांचा उल्लेख केला. आम्रपाली उभी राहिली. तयार केलेल्या चाळीस स्लाइड तिने उघडल्याच नाहीत. तिने आदल्या दिवशीचा पडदा लावला, अठरा लाल ओळींसकट.

"एकसष्ट टेस्ट दोन महिने काहीही तपासत नव्हत्या," ती म्हणाली. "त्या मी अर्ध्या सोडल्या. एडिटर सांगत होता, त्याचं तोंड मी बंद केलं. नम्रताच्या लक्षात आलं होतं; ती बोलली नाही, कारण माझ्याशी बोलायची कोणाला सोय मी ठेवलेली नाही. सोमवारी जाणाऱ्या आवृत्तीत ऐंशी अंशांची पेटी सुरक्षित ठरते. हे दशरथ घुल्यांनी पेटी गच्चीत ठेवून शोधलं. हाताने तपासण्याची गरज नाही असं मी लिहून दिलं होतं. ते खोटं होतं. मी ते मागे घेते, आणि त्या वाक्यावर निघालेलं पत्रही मागे घ्यावं, अशी माझी मागणी आहे."

मग अभिनव म्हणाला, "आय थिंक ही ट्रान्स्परन्सी आपल्या कल्चरचा पार्ट आहे," आणि त्याने टाळी वाजवली. त्याच्यामागे सगळ्यांनी वाजवली. आवृत्ती दोन आठवडे पुढे गेली.

पत्राचं मात्र अवघड होतं. एचआरच्या शर्मिला मॅडमनी स्पष्ट सांगितलं, की त्यांच्या सिस्टिममध्ये पत्र काढायचं बटण आहे, मागे घ्यायचं नाही. अशी वेळ कधी आलीच नव्हती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चार लोकांनी खल केला आणि तोड निघाली : नोटिसीचा कालावधी वाढवायला बटण होतं. तो आधी सहा महिन्यांनी वाढवला, मग आम्रपाली तिथून हलेना म्हणून कमाल जितका वाढतो तितका, म्हणजे साडेसात वर्षांनी. घुले निवृत्त होईपर्यंत नोकरी सोडत राहतील, असं कागदोपत्री ठरलं. आर्किटेक्टच्या पदाबद्दल अभिनव म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." काय बघू, हे आम्रपालीने विचारलं नाही.

तीन वाजता ती तळमजल्यावर गेली. लॅब कुठे आहे ते तिला वॉचमनला विचारावं लागलं. घुल्यांनी डबा आणि थर्मामीटरची साखळी पिशवीत भरायला घेतली होती. तिने त्यांना पत्राचं सांगितलं, साडेसात वर्षांचं सांगितलं. त्यांनी साखळी पिशवीतून काढून पुन्हा टेबलावर ठेवली. आनंद झाल्याचं काही दाखवलं नाही.

"वरती तुमी समद्यांफुडं बोलल्या म्हनं."

"हो."

"बरं केलं." ते थोडा वेळ थर्मामीटर पुसत राहिले. "पर मॅडम, एक सांगू का. पेटी खरं बोलती का न्हाई, ते बघायला मी सा मजलं चढून गच्चीत गेलो. लिफ्ट बंद व्हती त्या दिशी. तुमी माझी गरज न्हाई आसं ल्हिलं. ल्हिताना येकदा खाली येऊन बघायचं व्हतं, ह्यो मानूस दिसभर काय करतो."

अकरा वर्षं आम्रपाली या इमारतीत येत होती, रोज गाडी लावत होती, आणि हे दार तिच्या गाडीपासून वीस पावलांवर होतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

घुल्यांनी मान हलवली. चुकलं हे त्यांना मान्य होतं. त्यांनी सात नंबरची पेटी टेबलावर ओढली, आत बर्फाच्या वड्या लावल्या आणि थर्मामीटर सोडला. पेटीचं बिजागर उन्हाने सैल झालं होतं आणि झाकण नीट बसत नव्हतं.

"हे धरा जरा दाबून," ते म्हणाले. "आठवर यीपतुर."

आठवर यायला चाळीस मिनिटं लागली. तिने झाकण सोडलं नाही, आणि घुले दर पाच मिनिटांनी आकडा वाचून वहीत लिहीत राहिले.